बाहुली आणि मूर्ती : प्रतिमानिषेधाच्या इतिहासातील खेळण्याचे स्थान

ज्या धर्मपरंपरांनी मूर्तिपूजेचा निषेध केला, त्यांना देवळातील मूर्तीविषयीचा निर्णय तुलनेने सोपा गेला. घरातील बाहुलीविषयीचा निर्णय मात्र अवघड ठरला. बाहुलीला डोळे, तोंड आणि हातपाय असतात, ती माणसाच्या हातांनी घडवलेली असते, आणि तिच्याशी खेळणारे मूल तिला न्हाऊ घालते, कपडे नेसवते, तिच्यापुढे ताटली मांडते व रात्री तिला निजवते. स्नान, वस्त्र, नैवेद्य आणि शयन हे उपचार मूर्तिपूजेतही असतात, म्हणून केवळ बाहेरून पाहणाऱ्याला पूजा आणि खेळ यांची कृती बरीच सारखी दिसते. हा फरक नेमका कशात आहे हे सांगण्याची जबाबदारी धर्मशास्त्राच्या अभ्यासकांवर आली, आणि ती पार पाडताना मूळ निषेध कशासाठी होता याचाही त्यांना खुलासा करावा लागला. प्रतिमेवरील आक्षेप आकारावर आहे, ती घडवण्याच्या कृतीवर आहे, की तिच्यापुढे माणूस जे करतो त्यावर आहे, या प्रश्नाची सर्वांत बारकाईने झालेली चर्चा मुलांच्या खेळण्यांच्या निमित्ताने झालेली दिसते.

या चर्चेचे एक जुने रूप रोमन साम्राज्यात आढळते. लग्नाच्या आधी मुलींनी आपल्या बाहुल्या व्हीनस देवीला अर्पण कराव्यात अशी तेथे चाल होती, आणि पहिल्या शतकातील कवी पर्शियस याने तिचा उल्लेख केला आहे. चौथ्या शतकाच्या आरंभी लॅक्टॅन्शियस या ख्रिस्ती लेखकाने तोच उल्लेख उचलून मूर्तिपूजेविरुद्ध एक युक्तिवाद रचला. फिडियससारख्या थोर शिल्पकारांनी सोन्याने आणि हस्तिदंताने घडवलेल्या देवप्रतिमा या प्रत्यक्षात मोठ्या आकाराच्या बाहुल्याच आहेत, असे त्याचे म्हणणे होते. मुलींच्या खेळाला क्षमा करता येते, परंतु दाढी असलेले प्रौढ पुरुष त्याच गोष्टीला पवित्र मानतात तेव्हा ती क्षम्य राहत नाही. येथे बाहुली हे मूर्तीची अवहेलना करण्याचे साधन झाली आहे, तरीही त्या ओघात लॅक्टॅन्शियसने मुलाच्या खेळाला निर्दोष ठरवले ही बाब महत्त्वाची आहे. ज्यूंच्या आणि ख्रिस्त्यांच्या दहा आज्ञांमध्ये कोरीव प्रतिमा करू नये आणि तिच्यापुढे वाकू नये, अशी दोन्ही वाक्ये जवळजवळ येतात. त्यांपैकी पहिल्यावर भर दिला तर बाहुलीही संशयास्पद ठरते, आणि दुसऱ्यावर भर दिला तर ती सुटते. रोममधील ख्रिस्ती भुयारी दफनभूमींमध्ये थडग्यांच्या चुन्यात रोवलेल्या हाडाच्या व हस्तिदंताच्या बाहुल्या सापडल्या आहेत, यावरून श्रद्धावंत कुटुंबांनी आपल्या मृत मुलींजवळ त्या ठेवण्यात काही गैर मानले नव्हते, असे दिसते.

या प्रश्नाची सर्वांत विस्तृत आणि सलग चर्चा इस्लामी न्यायशास्त्रात झाली. या शास्त्राला ‘फिक्ह’ म्हणतात, आणि त्याचे अभ्यासक कुराणाबरोबरच हदीस, म्हणजे प्रेषित मुहंमद यांच्या उक्तींच्या व कृतींच्या परंपरेने आलेल्या नोंदी, प्रमाण मानतात. ज्या घरात कुत्रा किंवा प्रतिमा असते तेथे देवदूत प्रवेश करीत नाहीत, आणि प्रतिमा घडवणाऱ्यांना अंतिम न्यायाच्या दिवशी आपल्या निर्मितीत प्राण घालण्यास सांगितले जाईल, अशा आशयाच्या हदीस प्रसिद्ध आहेत. प्रेषितांच्या पत्नी आयेशा यांनी घरात चित्रांचा पडदा लावला तेव्हा प्रेषितांनी त्याला हरकत घेतली आणि मग त्या कापडाच्या उशा करण्यात आल्या, अशीही नोंद आहे. परंतु त्याच संग्रहांमध्ये आयेशा मैत्रिणींबरोबर बाहुल्यांशी खेळत असत आणि प्रेषित आले की लाजून लपणाऱ्या मैत्रिणींना ते पुन्हा खेळायला पाठवत, असाही वृत्तांत येतो. अबू दाऊद यांच्या संग्रहातील एका नोंदीनुसार वाऱ्याने पडदा हलल्यावर बाहुल्यांमध्ये चिंध्यांचे पंख लावलेला एक घोडा दिसला; घोड्याला पंख कसे, असे प्रेषितांनी विचारल्यावर सुलेमानाच्या घोड्यांना पंख होते हे ऐकले नाही का, असे उत्तर आयेशा यांनी दिले आणि ते मोकळेपणाने हसले. आणखी एक नोंद आशुरा या दिवसाच्या उपवासाची आहे : मदिनेतील स्त्रिया लहान मुलांनाही उपवास करायला लावत, त्यांच्यासाठी लोकरीची खेळणी करीत, आणि मूल भुकेने रडू लागले की उपवास सोडण्याची वेळ होईपर्यंत ते खेळणे त्याच्या हाती देत.

एकाच ग्रंथपरंपरेत निषेध आणि संमती शेजारी शेजारी असल्यामुळे न्यायशास्त्रज्ञांना त्यांची सांगड घालावी लागली, आणि त्यासाठी त्यांनी वेगवेगळे मार्ग धरले. काहींच्या मते बाहुल्यांचा प्रसंग निषेधाच्या आधीचा होता आणि नंतरच्या आज्ञेने तो रद्द झाला. नंतरच्या आज्ञेने आधीची आज्ञा निरस्त होण्याच्या या तत्त्वाला ‘नस्ख’ म्हणतात. मदिनेचे इमाम मालिक यांना पित्याने मुलींसाठी बाहुल्या विकत घेणे आवडत नसे, अशी नोंद आहे. त्यांचा रोष खेळावर नसून अशा वस्तूंच्या व्यापारावर होता, असा तिचा अर्थ नंतरच्या काही विद्वानांनी लावला. अल्-हलीमी (मृत्यू 1012) यांनी आकारावर भेद केला : मूर्तीसारखी पूर्ण घडवलेली आकृती चालणार नाही, त्याहून कमी प्रतीची चालेल. न्यायशास्त्राच्या हनबली परंपरेत डोके नसलेल्या बाहुलीला संमती देण्याकडे कल दिसतो, कारण शीर नसलेली आकृती सजीवाची प्रतिमा ठरत नाही, अशी त्यामागची धारणा होती. बाराव्या शतकात काझी इयाद (मृत्यू 1149) यांनी मात्र मुलींच्या बाहुल्यांना बहुसंख्य विद्वानांची संमती असल्याचे नोंदवले, आणि पुढे नववी व इब्न हजर या विद्वानांच्या हदीसवरील भाष्यांतून हे मत सर्वत्र पोचले.

संमतीच्या बाजूने प्रामुख्याने दोन कारणे दिली जात, आणि दोन्ही वापराशी संबंधित होती. बाहुली हाताळली जाते, फरफटली जाते, फाटते आणि टाकून दिली जाते. तिला कोणी उंच जागी ठेवून तिचा आदर करीत नाही, म्हणून ती पूज्य प्रतिमेच्या वर्गात मोडत नाही, हे पहिले कारण होते. ज्या तर्काने पडद्यावरील चित्र आक्षेपार्ह आणि तेच कापड बसण्याच्या उशीवर आले की चालण्यासारखे ठरले, तोच तर्क येथे लावला गेला. बाहुलीशी खेळताना मुलगी मूल वाढवण्याचे आणि घर चालवण्याचे शिक्षण घेते, हे दुसरे कारण होते. या कारणाने बाहुलीला मोठे संरक्षण मिळाले, परंतु त्याबरोबर एक मर्यादाही आली, कारण संमतीचा आधार मुलीच्या भावी मातृत्वात शोधल्यामुळे मुलाचा आनंद हे स्वतंत्र कारण राहिले नाही, आणि ज्या खेळण्यांना असा शैक्षणिक उपयोग दाखवता येत नव्हता ती तुलनेने उघड्यावर पडली.

हा वाद ग्रंथांपुरता राहिला नाही, हे बगदादच्या बाजाराच्या वृत्तांतावरून कळते. इस्लामी नगरांमध्ये बाजारातील वजनेमापे, मालाचा दर्जा आणि सार्वजनिक वर्तन यांवर देखरेख करणारा एक अधिकारी असे. त्याला मुहतसिब आणि त्याच्या अधिकारक्षेत्राला ‘हिस्बा’ म्हणत. अकराव्या शतकातील विख्यात न्यायशास्त्रज्ञ मावर्दी (सुमारे 972–1058) यांनी राज्यकारभारावरील आपल्या ग्रंथात मुहतसिबाने बाहुल्यांबाबत काय करावे याची चर्चा केली आहे. त्यांच्या मते बाहुली करण्यामागे पापाचा हेतू नसतो, मुलींना संगोपनाची सवय लावणे हा तिचा उद्देश असतो. तरीही सजीवाची आकृती असल्याने आणि मूर्तीशी साम्य असल्याने ती पापाच्या जवळ जाते, म्हणून संमती आणि मनाई या दोन्हींना आधार सापडतो आणि परिस्थिती पाहून निर्णय करावा लागतो. त्यानंतर मावर्दी शाफिई पंथाचे विद्वान अबू सईद अल्-इस्तख्री यांचे उदाहरण देतात. खलिफा मुक्तदिर याच्या कारकिर्दीत (908–932) इस्तख्री बगदादचे मुहतसिब होते, आणि खजुराचे मद्य तयार करण्यासाठी लागणाऱ्या ‘दाधी’ या पदार्थाचा बाजार त्यांनी बंद केला, कारण मद्याखेरीज त्याचा काही उपयोग नाही असे त्यांचे मत होते. बाहुल्यांचा बाजार मात्र त्यांनी चालू ठेवला आणि त्यासाठी आयेशा यांच्या खेळाचा दाखला दिला.

या छोट्याशा वृत्तांताचे मोल मोठे आहे. दहाव्या शतकाच्या आरंभी बगदादमध्ये बाहुल्यांचा स्वतंत्र बाजार भरण्याइतका धंदा होता, हे त्यातून कळते, आणि एकाच अधिकाऱ्याने दोन बाजारांविषयी दिलेले निर्णय शेजारी ठेवले की त्याची कसोटीही स्पष्ट होते : वस्तू कशी दिसते यापेक्षा ती कशासाठी घेतली जाते हे त्याने पाहिले. इजिप्त, पॅलेस्टाइन आणि सीरिया येथे सुरुवातीच्या इस्लामी शतकांतील हाडाच्या कोरीव बाहुल्या सापडल्या आहेत, आणि त्या पाहता शास्त्रचर्चा चालू असताना कारागिरांचे हात थांबले नव्हते, हे उघड आहे.

आक्षेपाची बाजू समजून घेण्यासाठी धर्मविचारवंत गझाली (1058–1111) यांचे लेखन सर्वांत उपयुक्त आहे. धर्मविद्यांच्या पुनरुज्जीवनावरील आपल्या अरबी महाग्रंथात बाजारांतील आक्षेपार्ह गोष्टींची यादी देताना त्यांनी ईदच्या दिवसांत मुलांसाठी विकल्या जाणाऱ्या प्राण्यांच्या आकृतींचा समावेश केला आणि त्या मोडून टाकाव्यात, त्यांची विक्री थांबवावी असे लिहिले. फारसी भाषेतील आपल्या ग्रंथात त्यांनी यात नवरोझ या इराणी नववर्षासाठी विकल्या जाणाऱ्या लाकडी तलवारी व ढाली आणि सदे या अग्नीच्या सणासाठीच्या मातीच्या तुताऱ्या यांची भर घातली. तलवार आणि तुतारी यांत सजीवाची आकृती नसते, म्हणून येथे आक्षेपाचे दुसरे कारण पुढे येते : झरथुष्ट्री सणाचा उत्सव त्या खेळण्यांमधून मुसलमानांच्या घरात शिरतो, अशी ती चिंता होती. अशीच चिंता तेराव्या शतकात सेउता येथील अल्-अझफी (मृत्यू 1236) यांना आंदालुस आणि मगरिब, म्हणजे मुस्लिम स्पेन आणि वायव्य आफ्रिका, येथील मुसलमान ख्रिस्ती सण साजरे करतात हे पाहून वाटली, आणि त्यावर उपाय म्हणून त्यांनी प्रेषितांचा जन्मदिन साजरा करण्याचा पुरस्कार केला.

गझालींना खेळाचाच तिटकारा होता, असा निष्कर्ष काढणे मात्र चुकीचे ठरेल. मुलांच्या शिक्षणाविषयी लिहिताना, पाठशाळेतून परतलेल्या मुलाला चांगला खेळ खेळू द्यावा, कारण खेळ तोडून त्याला सतत अभ्यासाला जुंपले तर त्याचे मन मरते, असे त्यांनी त्याच महाग्रंथात आग्रहाने सांगितले आहे. एकाच लेखकाने खेळाची बाजू इतक्या कळकळीने मांडावी आणि मातीचा घोडा मोडायला सांगावे, यात विसंगती वाटते. परंतु त्यांच्या दृष्टीने खेळ ही मुलाची गरज होती, आणि प्राण्याची आकृती तसेच परक्या सणाचे चिन्ह ही समाजाच्या श्रद्धेची बाब होती. या विचाराची किंमत मात्र कुंभारांना आणि मुलांना मोजावी लागत होती.

हाच आक्षेप पुढे भारतातही राजाज्ञेच्या रूपात आला. औरंगजेबाने 1659 मध्ये मुहतसिबाची नेमणूक केली, आणि त्याच्या राजवटीत गुजरातच्या अधिकाऱ्यांना पाठवलेल्या आज्ञांमध्ये ईद, शबे-बरात आणि उरूस अशा प्रसंगी मातीचे हत्ती-घोडे करून विकण्यास मनाई करणारी आज्ञा होती. अठराव्या शतकात लिहिलेल्या ‘मिरात-ए-अहमदी’ या गुजरातच्या फारसी इतिहासातून ती कळते. गझालींनी आक्षेप घेतलेला ईदचा खेळण्यांचा बाजार साडेपाच शतकांनंतर अहमदाबादेतही भरत होता, ही गोष्ट त्या आज्ञेनेच नोंदवून ठेवली आहे. कारागिरांच्या इतिहासाची साधने तुटपुंजी असताना मनाईचे हुकूम हेच अनेकदा त्यांच्या कामाचे सर्वांत विश्वसनीय पुरावे ठरतात.

कैरो शहराने या प्रश्नाला साखरेचे उत्तर दिले. फातिमी खलिफांच्या काळात (इजिप्तमध्ये 969–1171) राजवाड्यातील मेजवान्यांत साखरेच्या प्रतिमा मांडल्या जात. अकराव्या शतकाच्या मध्यात तेथे आलेल्या नासिर खुस्रो या इराणी प्रवाशाने साखरेने घडवलेले संत्र्याचे झाड आणि असंख्य साखरी आकृती पाहिल्याचे लिहिले आहे. पंधराव्या शतकात इतिहासकार मक्रीझी (1364–1442) यांनी कैरोच्या मिठाईबाजाराचे वर्णन करताना रजब महिन्यात घोडे, सिंह, मांजरे अशा आकारांची साखरेची चित्रे दोऱ्याने दुकानांपुढे टांगली जात आणि लहानथोर सर्वजण ती आपल्या मुलाबाळांसाठी नेत, असे सांगितले आहे. टांगण्यावरून त्यांना ‘अलालीक’ असे नाव होते. पुढे प्रेषितांच्या जन्मदिनाच्या, म्हणजे मौलिदच्या, उत्सवात साखरेची नवरी आणि साखरेचा घोडेस्वार या दोन आकृती इजिप्तमध्ये रूढ झाल्या आणि आजही त्या मिळतात. महाराष्ट्रातील वाचकाला यावरून साखरेच्या गाठ्यांची आणि चित्रांची आठवण येईल. साखरेची आकृती टिकत नाही, ती मुलाच्या पोटात जाते, म्हणून तिला पूज्य होण्याइतका अवधीच मिळत नाही. तरीही कठोर मताच्या विद्वानांचा तिला विरोध राहिला, आणि बहुसंख्य लोकांनी तो मनावर घेतला नाही.

युरोपातील धर्मसुधारणेच्या काळात बाहुली आणि मूर्ती यांचे नाते उलट दिशेने वापरले गेले. सोळाव्या शतकात इंग्लंडमधील मठ आणि चर्च यांतून संतांच्या प्रतिमा काढून टाकण्यात आल्या, तेव्हा त्यांपैकी काही मुलांना खेळायला दिल्या जात. ब्रिस्टल येथे प्रवचने देणारे रॉजर एजवर्थ हे जुन्या श्रद्धेचे धर्मोपदेशक होते, आणि 1557 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रवचनसंग्रहात त्यांनी याविषयी दुःख व्यक्त केले आहे : हातात काय आहे असे आईवडील मुलाला विचारतात, ही माझी मूर्ती आहे असे शिकवलेले उत्तर मूल देते, आणि वडीलधारी मंडळी हसतात. लॅक्टॅन्शियसने शब्दांनी जे केले होते ते येथे प्रत्यक्ष कृतीने केले गेले. ज्या प्रतिमेपुढे आजोबांनी मेणबत्ती लावली होती, तीच नातवाच्या हातात देऊन तिच्यातील पावित्र्य संपवण्यात आले. मूल निर्दोष आहे या जाणिवेचा हा कठोर वापर होता, आणि एजवर्थ यांच्या वेदनेत त्या काळातील अनेक सामान्य श्रद्धावंतांची वेदना सामावलेली आहे. याच सुधारणावादी परंपरेच्या एका शाखेतून निघालेल्या आणि अमेरिकेत स्थायिक झालेल्या आमिश समाजात चेहरा नसलेल्या कापडी बाहुल्या करण्याची पद्धत आहे. कोरीव प्रतिमेविषयीची आज्ञा आणि रूपाच्या अभिमानापासून दूर राहण्याची शिकवण ही तिची कारणे सांगितली जातात. डोके नसलेली हनबली बाहुली आणि चेहरा नसलेली आमिश बाहुली यांच्यामध्ये एक हजार वर्षांचे अंतर असले तरी दोन्हींमागील तडजोड एकच आहे : मुलाला बाहुली मिळावी आणि बाहुलीला मुखवटा मिळू नये.

मूर्तिपूजक परंपरेत ही सीमा कशी आखली जाते, हे मराठी समाजाच्या चालीरीतींवरून समजते. गणेशचतुर्थीला आणलेली शाडूची मूर्ती प्राणप्रतिष्ठेच्या विधीनंतर पूज्य होते आणि उत्तरपूजेनंतर तिचे विसर्जन करता येते, म्हणजे देवत्व आकारात कायमचे वसत नाही, ते विधीने येते आणि विधीने जाते. पोळ्याला ज्यांच्या घरी बैल नसतात ते मातीच्या बैलांची पूजा करतात, आणि विदर्भात दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला मुले चाकांचे लाकडी बैल सजवून घरोघर नेतात. पूजेची वस्तू आणि खेळण्याची वस्तू एकाच आकाराची असूनही कोणाचा गोंधळ होत नाही. ज्या सहजतेने येथे खेळणे आणि दैवत एकमेकांच्या जागी येतात, नेमकी तीच सहजता एकेश्वरवादी न्यायशास्त्रज्ञांना भीतिदायक वाटत होती, आणि त्यांच्या आक्षेपाचे गांभीर्य कळण्यासाठी ही तुलना उपयोगी पडते.

विसाव्या शतकात कारखान्यात तयार झालेल्या प्लॅस्टिकच्या बाहुलीने जुना प्रश्न पुन्हा उभा केला. लोकरीच्या किंवा चिंध्यांच्या बाहुलीला दिलेली संमती पापण्या मिटणाऱ्या, हुबेहूब चेहऱ्याच्या बाहुलीला लागू होते का, असे विचारले जाऊ लागले. इस्लामी विद्वान युसुफ अल्-करदावी यांनी 1960 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात मुलांची खेळणी आणि सणांतील मिठाईच्या आकृती यांना संमती दिली, तर सौदी अरेबियाचे इब्न उसैमीन (मृत्यू 2001) यांनी सरसकट मनाई न करता, ज्याला सावधगिरी बाळगायची असेल त्याने बाहुलीचा चेहरा गरम करून मऊ झाल्यावर दाबून टाकावा, असा सल्ला दिला. त्यानंतरच्या वादांचा विषय मात्र बदलला. अमेरिकेत 1959 मध्ये आलेल्या बार्बी या बाहुलीवर इराणमध्ये आणि सौदी अरेबियात जे आक्षेप घेतले गेले, ते तिच्या कपड्यांविषयी, शरीराविषयी आणि तिच्याबरोबर येणाऱ्या जीवनशैलीविषयी होते. इराणमध्ये मुलांसाठी काम करणाऱ्या सरकारी संस्थेने 2002 मध्ये सारा आणि दारा या बाहुल्या आणल्या, आणि सीरियातील एका कंपनीने 2003 मध्ये फुल्ला ही अंगभर वस्त्रे ल्यालेली बाहुली बाजारात आणली. बाहुली घडवावी की नाही हा प्रश्न येथे सुटलेला होता. तिने मुलीला काय शिकवावे याबद्दलच वाद उरला होता, आणि या अर्थाने तो गझालींच्या नवरोझच्या लाकडी तलवारींविषयीच्या चिंतेचा वारसदार होता.

या दीर्घ इतिहासातून दोन प्रकारचे आक्षेप वेगळे करता येतात. पहिला मूर्तिपूजेच्या भयातून आला, आणि जेथे जेथे विद्वानांनी मुलाच्या प्रत्यक्ष वागण्याकडे पाहिले तेथे तो बऱ्याच अंशी विरघळला, कारण मूल बाहुलीपुढे वाकत नाही, ते तिला आपल्या ताब्यात ठेवते. दुसरा आक्षेप समाजाची ओळख जपण्याच्या भावनेतून आला, आणि तो अधिक चिवट ठरला, कारण त्याला प्रतिमेची गरजच नव्हती. या दोहोंची सरमिसळ करून अमुक धर्म खेळण्यांच्या विरोधात आहे असे म्हणणे इतिहासावर अन्याय करणारे आहे. धर्मग्रंथांच्या पानांवर बाहुलीच्या बाजूने बोलणाऱ्यांची रांगही तितकीच लांब आहे. इस्तख्रींनी बगदादचा बाजार चालू ठेवला तो धर्माकडे पाठ फिरवून नव्हे, धर्मग्रंथाचा आधार घेऊन. नियमाचा अर्थ लावताना ज्याच्यावर तो लागू होणार आहे त्याच्याकडे आधी पाहावे, हे न्यायबुद्धीचे तत्त्व त्या निर्णयात आहे, आणि मुलांच्या हातातील वस्तूंविषयी आजही जे कोणी निर्णय घेतात, मग ते धर्माच्या नावाने असोत किंवा संस्कृतीच्या, त्यांनी ते आपलेसे करणे योग्य आहे.